सीडी प्लेयर बदलायचा आहे : जून ते ऑक्टोबरच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

आज तिसऱ्यांदा ‘नो डिस्क’. १९९७ साली पहिल्या बोनसमधून घेतलेला जपानी प्लेयर. ट्रे आत जातो, डिस्क फिरल्याचा आवाज येतो, लेन्स चारदा मान वरखाली करते आणि पडद्यावर नकार उमटतो. याआधीची लक्षणं बरीच वर्षं दिसतच होती. लांब सीडींचा शेवट अडखळायचा, म्हणजे बाहेरची कड. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आतल्या कड्यावर अनुक्रमणिका असते, तिथे डिस्क मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते आणि बाहेर पोचेपर्यंत हाच वेग २०० वर येतो. डिस्क थोडी जरी वाकडी असली तरी तिचं खालीवर होणं कडेलाच जास्त, आणि थकलेली लेन्स तिथेच हात टेकते. आता तर तिला अनुक्रमणिकाही वाचता येत नाहीये.

झाकण काढलं. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून लेन्स पुसली. काडीवर पिवळट डाग आला. देवघर पलीकडच्या भिंतीला आहे, उदबत्तीचा धूर असणार. पुसल्यावर लगेच चालला. सौ. म्हणाली, “झालं की मग.” झालं नाहीये, हे मला माहीत आहे.

१७ जून, मंगळवार

तीन दिवस चालला, आज बंद. ऑफिसातून लवकर निघून तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार.

दुरुस्तीवाल्याकडे मी वीस वर्षं जातोय. त्यानं ऑसिलोस्कोप लावून लेझरकडून येणारा सिग्नल दाखवला. निरोगी प्लेयरमध्ये पडद्यावर ओळीनं टपोरे, पत्त्यांतल्या चौकटसारखे आकार दिसतात, कापडाच्या विणीसारखे. माझ्याकडे धुकं होतं. “साहेब, पिकअप गेलं. ओरिजिनल आता येत नाही. कॉपी आहे, लावू का?” लाव म्हटलं. पिकअप म्हणजे लेझर आणि लेन्सचा एकत्र भाग, काही शेकड्यांची गोष्ट.

नवं पिकअप लावताना मी जवळ उभा राहून बघितलं. त्याच्या छोट्या सर्किटवर सोल्डरचा एक थेंब मुद्दाम ठेवलेला असतो, स्थिर विजेनं लेझर डायोड जळू नये म्हणून. पट्टीची केबल खोचल्यावर तो थेंब काढायचा. आधी काढला तर डायोड जायची भीती, काढायचा विसरला तर लेझर लागतच नाही. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, श्वास रोखला, सोल्डर शोषायची तांब्याची वेणी टेकवली आणि दोन सेकंदांत थेंब गायब. तेवढ्या वेळात बाजूच्या पोरानं चहाही हलवायचा थांबवला होता.

प्लेयर चालू आहे. पण फिरण्याचा घर्रर्र आवाज आधीपेक्षा जास्त येतो आणि घरी संगणकावर जाळलेल्या सीडी तो वाचायला बघत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, वर्ष काढेल.

म्हणजे प्रकल्पाला सुरुवात झाली असं धरायला हरकत नाही.

२२ जून, रविवार

मोजणी केली. ६१२ सीडी. त्यात साडेतीनशेच्या वर हिंदुस्थानी शास्त्रीय, शंभरेक नाट्यसंगीत आणि भावगीतं, बाकी पाश्चात्त्य आणि भेटी आलेलं. बऱ्याच कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांकडून, काही मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून. ते २०१६ मध्ये बंद झालं, अलूरकरही आता नाही.

भाचा आला होता. “मामा, तू कुठल्या जमान्यात आहेस? सगळं फोनवर आहे.” त्याला पाच सीडी काढून दिल्या, शोध म्हटलं. दोन सापडल्या. तिसरीचं पहिलं रेकॉर्डिंग होतं, दुसरं नव्हतं. उरलेल्या दोन नाहीतच. सापडलेल्यांत तबल्याला कोण, पेटीला कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही. हे वाचायची सवय असलेल्या माणसाला ते टोचतं.

त्याचा दुसरा सल्ला मात्र रास्त होता. सगळ्या सीडी संगणकावर उतरवून ठेव. मी चाळीस उतरवल्यासुद्धा आहेत. वाचन बिनचूक झालं का, हे इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून सांगणारी सोय आहे, पण आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांच्या सीडी त्या यादीत बहुतेक वेळा सापडतच नाहीत. शिवाय एक वेगळीच गंमत निघाली. तीन जुन्या जपानी छपाईच्या सीडी संगणकावरून कर्कश लागत होत्या. सतारीची तार कानात टोचावी तशी. त्यांच्यावर प्री-एम्फसिस आहे. सुरुवातीच्या काळात रेकॉर्डिंग करताना वरचे स्वर मुद्दाम उचलून ठेवायचे, २० किलोहर्ट्झपाशी तब्बल ९ ते १० डेसिबल. प्लेयरला डिस्कवरची खूण दिसली की तो तेवढंच खाली ओढतो आणि उचलल्यानंतर आवाजाचे आकडे करताना मिसळलेला खरखराटही त्यात कमी होतो. प्लेयर हे न बोलता करतो. उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती खूण दिसेलच असं नाही.

तर संगणकावर प्रती राहतीलच. पण ऐकायला प्लेयर हवा.

२९ जून, रविवार

बजेट चार लाख. ही रक्कम लिहिताना हात थोडा अडखळला. सौ. ला अजून साडेतीन सांगितलंय.

एवढ्या पैशात मिळतं काय, याचा आठवडाभर अभ्यास केला. सीडीचं मूळ गणित १९८० पासून तेच आहे. फिलिप्स आणि सोनी यांनी ठरवलेलं, १६ बिट आणि सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने. सोनीचा पहिला प्लेयर जपानात १ ऑक्टोबर १९८२ ला १,६८,००० येनला विकायला आला. फिलिप्सकडे तेव्हा आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी १६ बिटांची चिप नव्हती, १४ बिटांचीच होती. त्यांनी नमुने चौपट करून ती कसर भरून काढली आणि पहिल्याच पिढीत गाजले. आजच्या साध्या प्लेयरमधली चिपसुद्धा त्या वेळच्या कुठल्याही चिपला हसेल. म्हणजे महाग प्लेयरमध्ये पैसे जातात ते वीजपुरवठा, बाहेर पडणारा अॅनालॉग भाग, जाड पत्रा आणि डिस्क फिरवणारी यंत्रणा यांत. यातल्या शेवटच्या भागाबद्दल दुकानदार सर्वांत कमी बोलतात.

पूर्वी फिलिप्स स्वतः ही यंत्रणा बनवायची. रेकॉर्डच्या टोन-आर्मसारखा झुलणारा हात, ओतीव धातूची चौकट. त्या काळचे प्लेयर अजून चालतात आणि लोक ते जीव टाकून जपतात. मलाही एकदा मोह झालाच, १९८० च्या दशकातला कुठलातरी मारांट्झ घ्यावा, ज्यात मुकुटाचं चिन्ह छापलेली टीडीए१५४१ए चिप आहे. पण चाळीस वर्षांच्या लेझरवर आपण संसार मांडणार का?

यादीत सध्या चार. हेगेलचा मोहिकन, २०१६ चा, फक्त सीडी वाजवतो, नमुने वाढवत नाही, दुसरं काही करतच नाही. रेगाचा सॅटर्न, तिसरी आवृत्ती, वरून झाकण उघडून डिस्क ठेवायची, आत वुल्फसनच्या चिपा. मारांट्झचा एसए-१०, ज्यात तयार चिप न वापरता सगळं एक-बिटी प्रवाहात बदलतात आणि सुपर ऑडिओ सीडीही चालते. माझ्याकडे तशी डिस्क एकही नाही. आणि टियाकचा व्हीआरडीएस-७०१, २०२३ चा. व्हीआरडीएस ही त्यांची १९८७ पासूनची यंत्रणा. इतर प्लेयर डिस्कला फक्त मधल्या भोकापाशी धरतात. इथे डिस्क तिच्याएवढ्याच रुंद थाळीला दाबून धरली जाते, त्यामुळे वाकडी डिस्कही सपाट होऊन फिरते.

हे वाचल्यावर मी खुर्चीत सरसावून बसलो, हे कबूल करतो. टूल-रूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘जॉब नीट क्लॅम्प केलाय’ याच्यासारखं सुख नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

मुंबईतल्या एका ओळखीच्यांकडून निरोप: जपानहून आलेला जुना, भारी कंपनीचा प्लेयर अर्ध्या किमतीत. फोटो बघून तोंडाला पाणी सुटलं. मागच्या पट्टीवर ‘१०० व्होल्ट’. आपल्याकडे २३०. मध्ये ट्रान्सफॉर्मर लावावा लागणार, तो खोलीत गुणगुणणार, आणि एखाद दिवशी पाहुणा मदत करायला म्हणून थेट भिंतीत खोचणार. माझ्या एका मित्राकडे अगदी हेच झालं. फ्यूजवर निभावलं म्हणून बरं.

नाही म्हणून कळवलं. साबुदाणा खिचडी आणि उपास.

१९ जुलै, शनिवार

मुंबई. द्रुतगती मार्गावर खंडाळ्यापर्यंत काच पुसणारे कमी पडत होते.

दुकान चकचकीत. ऐकायच्या खोलीत भिंतीवर लाकडी पट्ट्या, सोफा, कॉफी. विक्रेता मुलगा नम्र आणि तयारीचा. त्यानं त्याची नेहमीची डिस्क लावली. एक बाई मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन इंग्रजी गाणं म्हणते, एक डबल बास, एक ब्रश. अशा डिस्कवर वाईट लागेल असा प्लेयर अजून जन्माला यायचाय.

मी माझ्या चार काढल्या. पहिली, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरून उतरवलेलं जुनं मोनो गाणं. मोनोत डावं-उजवं एकच असतं, तेव्हा गवई दोन स्पीकरच्या बरोब्बर मध्ये बसला पाहिजे, जराही सरकता कामा नये. दुसरी, वेल्समधल्या निंबस कंपनीची हरिप्रसाद चौरसियांची बासरी. ती मंडळी एकाच जागी मायक्रोफोन ठेवून, फारशी कापाकापी न करता रेकॉर्ड करायची. तिसरी, जयपूर घराण्याचा ख्याल, एकच ट्रॅक, ५८ मिनिटांचा. चौथी, एका मैफलीची, ७३ मिनिटं, जिचा शेवट माझ्या प्लेयरनं गेल्या नऊ वर्षांत धड वाजवलेला नाही.

तिसरी डिस्क लावली आणि म्हटलं, “आता द्रुतपाशी नेता का? साधारण एकेचाळिसाव्या मिनिटाला.” मुलगा पुढचं बटण दाबतोय, पुढचा ट्रॅकच नाही. दाबून धरलं तर डिस्क थांबली. रिमोटवर ट्रॅकच्या आत सरकायची सोयच नव्हती. लाखोंचं यंत्र. साडेतीन मिनिटांच्या गाण्यांसाठी बनवलेलं असणार, विलंबित एकताल त्याच्या गावीच नाही. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, पण यादीतून गेला.

दुसऱ्या एका प्लेयरवर मात्र बासरी ऐकताना अंगावर काटा आला. फुंकीचा स्पर्श, पाठीमागे तानपुऱ्याच्या जवारीतून उमटत जाणारा गंधार, सगळं अधिक जिवंत, अधिक जवळ. येताना गाडीत मी जवळजवळ निर्णय करूनच टाकला होता.

२० जुलै, रविवार

रात्री झोप लागली नाही. तो प्लेयर ‘जास्त जवळ’ वाटला की नुसता मोठा वाजत होता? विक्रेत्याला फोन केला. दोघांचं आउटपुट मीटरनं मोजून सांगशील का? तो जरा गोंधळला, पण मोजून कळवलं. एकाचं २.०२ व्होल्ट, दुसऱ्याचं २.३१. म्हणजे जवळपास सव्वा डेसिबलचा फरक. एवढा फरक कानाला ‘मोठा’ असा कळत नाही, ‘चांगला’ असा कळतो. साऱ्या धंद्याचं गुपित बहुधा एवढंच असावं.

अंगावरचा काटा बाद.

२ ऑगस्ट, शनिवार

घरी नीट तुलना करायची ठरवलं. त्यासाठी आवाज ०.१ डेसिबलपर्यंत सारखा हवा. १०० हर्ट्झचा सूर असलेली छापील डिस्क मिळवली, जाळलेली जुना प्लेयर वाचत नाही. सगळे १००० हर्ट्झ वापरतात, पण आपला साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी जुळवलेला असतो, हजारावर तो काहीही सांगतो. आणि जादा वाजणाऱ्याला खाली ओढायला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चार मल्टीटर्न प्रीसेट, म्हणजे स्क्रूनं बारीक फिरवता येणारे रेझिस्टर, बसवले, प्रत्येक चॅनलला वेगळे. साध्या दुहेरी व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये डावं-उजवं कधी सारखं नसतं. तपकीर गल्लीतून सगळं सामान साडेतीनशे रुपयांत. या प्रकल्पातली आतापर्यंतची सर्वांत फायद्याची खरेदी.

१० ऑगस्ट, रविवार

पुण्यातल्या एका विक्रेत्यानं टियाक दोन दिवसांसाठी घरी दिला. आणि सोबत दुसऱ्या कंपनीचा एक, त्याला इथे ‘काळा’ म्हणतो.

पद्धत अशी. एकात मूळ सीडी, दुसऱ्यात तिची जाळलेली प्रत, मध्यावर अदलाबदल. मी पाठ करून बसायचं. सौ. नं नाणं उडवून कुठला लावायचा ते ठरवायचं आणि वहीत लिहायचं. मी नुसतं ‘पहिला’ की ‘दुसरा’ एवढं सांगायचं. अशा बारा फेऱ्या.

टियाक विरुद्ध काळा: बारापैकी सात बरोबर. नाणं उडवून सहा आले असते.

सौ. नं वही मिटली आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग म्हटलं, माझा जुना प्लेयर नव्याविरुद्ध लावू. तो जाळलेल्या प्रती वाचत नाही, तेव्हा मूळ डिस्क कायम त्याच्यात, प्रत टियाकमध्ये. बारापैकी अकरा! खुशीत येऊन मी भाच्याला फोन केला, मोनोच्या डिस्कवर तर दुसऱ्या सेकंदाला कळत होतं, गवई जुन्यात जरा डावीकडे सरकून बसतो. बोलता बोलताच कुठेतरी पाल चुकचुकली. घाईत मी फक्त डावं चॅनल जुळवलं होतं.

उजवं मोजलं. डावं १.९४ व्होल्ट, उजवं १.८०. दोन चॅनलमध्येच ०.६५ डेसिबलचा फरक. लेन्स, चिप, वय, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी टॉर्च घेऊन प्लेयरच्या मागे वाकलो. तिथे आउटपुटच्या दोन जोड्या आहेत, एक ‘फिक्स्ड’ आणि एक ‘व्हेरिएबल’. माझी केबल ‘व्हेरिएबल’मध्ये. २००९ मध्ये घर बदललं तेव्हापासून. सोळा वर्षं सगळं गाणं एका झिजलेल्या व्हॉल्यूम कंट्रोलमधून गाळून ऐकतोय.

केबल हलवली. दोन्ही चॅनल मीटरवर सारखी. प्रीसेट पुन्हा जुळवले, पुन्हा बारा फेऱ्या. आठ बरोबर. म्हणजे ठामपणे सांगण्यासारखं काही नाही. त्यातही तीनदा मी आवाजावरून नाही, तर आलापीच्या शांततेत प्लेयरची घरघर ऐकू आली म्हणून ओळखलं, म्हणजे ते तीन खरं तर कानाच्या खात्यात धरायलाही नकोत.

“मग चार लाख कशाला?” सौ. तिला आकडा कधी कळला, माहीत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर लिहूनच काढतो.

आवाजासाठी नाही. तो मुद्दा काल संपला. पण काल दिवसभरात तीन यंत्रांत मिळून पंचवीसेक डिस्क घातल्या-काढल्या, आणि तिथे फरक लपत नव्हता. जुन्यानं सहा नाकारल्या. काळ्यानं एक नाकारली आणि एक मध्ये अडखळला. टियाकनं सगळ्या घेतल्या. सीडीवर वाचायची रेघ पाच किलोमीटरहून लांब असते आणि तिच्या दोन शेजारच्या वेढ्यांत अंतर १.६ मायक्रॉन. थोडं चुकलं तर भरून काढायची सोय डिस्कवरच्या गणितात आहे, साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा ते सहज गिळतं. पण लेझर रेघेवरून घसरलाच तर गणित काय करणार?

माझ्या डिस्क जुन्या होत चालल्यात आणि त्यातल्या निम्म्या पुन्हा मिळणार नाहीत. मला वाजवणारा नको आहे, वाचणारा हवा आहे.

आणि हौस आहे. तेही लिहून ठेवतो.

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

दहा दिवस काही नाही. कोपऱ्यावरच्या मंडळाच्या स्पीकरच्या भिंतींपुढे कुठल्याही प्लेयरची काय बिशाद. आज रात्री कपाटातल्या सीडी आपापल्या नाचत होत्या.

१४ सप्टेंबर, रविवार

गेल्या आठवड्यात तीन विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारला. दहा वर्षांनी पिकअप मिळेल का?

एकजण म्हणाला, “काका, दहा वर्षांनी सीडी तरी राहील का?” दुसऱ्यानं कंपनीला विचारून सांगतो म्हटलं आणि फोन उचलायचं बंद केलं. तिसऱ्यानं, ज्यानं घरी प्लेयर दिले होते, ईमेलवर लिहून दिलं की सुटं पिकअप मागवून देऊ, आजची किंमत ही, आणि बसवायला पुण्यातच माणूस आहे. एवढ्या एका ओळीसाठी मी त्याला पाच हजार जास्त द्यायला तयार झालो असतो. त्यानं मागितले नाहीत.

फक्त डिस्क वाचणारं यंत्र घेऊन आकड्यांचा आवाज करायला वेगळं कन्व्हर्टर लावावं का, हाही विचार झाला. ऑडिओलॅबचं तसं यंत्र स्वस्तात मिळतं. त्यात डिस्क फटीतून आत ओढली जाते. माझ्या काही डिस्कवर घरी चिकटवलेली कागदी लेबलं आहेत, तरुणपणीचा मूर्खपणा, ती फटीत सुटून आली तर? नको.

कन्व्हर्टर वेगळं असलं की चिप जुनी झाली तर बदलता येते, असा एक युक्तिवाद असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओकाला एकेएमचा चिप-कारखाना जळला आणि अनेक कंपन्यांना आपले प्लेयर नव्या चिपांवर पुन्हा आखावे लागले. टियाकनं मात्र या यंत्रात विकत घेतलेली चिप ठेवलेलीच नाही. ते काम स्वतःच्या सर्किटनं, एका प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपच्या मदतीनं करतात. याचा दुरुस्तीला फायदा होईल की तोटा, यावर दुरुस्तीवाल्याचं मत विचारलं. तो म्हणाला, “साहेब, चिप जात नाही. रबर जातं, मोटर जाते, लेझर जातं.” विषय संपला.

२८ सप्टेंबर, रविवार

अंतिम दोघे, टियाक आणि रेगा. रेगाचं वरचं झाकण उघडून हातानं डिस्क ठेवण्यात एक सुख आहे, रेकॉर्ड ठेवल्यासारखं, आणि ट्रेचं रबर जायची भानगडच नाही. टेप घेऊन कपाट मोजलं. कप्प्याची उंची १४ सेंटीमीटर. झाकण उघडायला वर जागा कुठाय? वरच्या फळीवर ठेवला तर तिथे सौ. च्या आईचा फोटो आणि समई. मी विचारलंसुद्धा नाही.

टियाकची ऑर्डर दिली. रिमोटवर बटण दाबून धरलं की ट्रॅकच्या आत सरकता येतं, हे दुकानात जाऊन त्या ५८ मिनिटांच्या ख्यालावर पुन्हा एकदा करून पाहिलं. एकेचाळिसावं मिनिट. समेवर उतरलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आला. खोक्यासकट उचलताना कंबरेनं आठवण करून दिली. ट्रे पातळ आहे आणि फार हळू येतो, मग आत गेल्यावर थाळी खाली येऊन डिस्क धरते तेव्हा ‘टक्’ असा बारीक पण भक्कम आवाज. व्हाइस आवळल्यावर येतो तसा.

पूजेला मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हरचा संच, बिस्किटाचा डबा आणि नवा रिमोट. सौ. नं रिमोटला हळदकुंकू लावलं ते नेमकं ‘प्ले’च्या बटणात गेलं. कान साफ करायच्या काडीनं काढलं. भाचा सोनं द्यायला आला, आपट्याचं पान प्लेयरवर ठेवलं आणि म्हणाला, “मामा, दाखव तरी चार लाखांचं काय ते.” तीन लाख साठ, असं मी दुरुस्त केलं.

त्याला मोनोची डिस्क ऐकवली. गवई मधोमध.

५ ऑक्टोबर, रविवार

जुना प्लेयर ‘फिक्स्ड’ आउटपुटला जोडून सासऱ्यांकडे सांगलीला देऊन आलो. त्यांच्याकडे सगळी भक्तिगीतं, छोटे ट्रॅक, चांगल्या डिस्क. त्यांना घरघर ऐकू येत नाही.

परत आल्यावर सुट्या पिकअपची ऑर्डर दिली. विक्रेता हसला, “अहो, अजून तीन दिवसच झालेत.” म्हटलं, असू दे.

१२ ऑक्टोबर, रविवार

ती मैफलीची डिस्क मुद्दाम मागे ठेवली होती. आज सकाळी सौ. बाजारात गेल्यावर लावली. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून, मधून कडेकडे सरळ पुसून घेतली, गोल नाही. उजेडात धरली की कडेला किंचित पोक दिसतं.

ख्याल झाला, ठुमरी झाली. शेवटी भैरवी. ६८ मिनिटं, ६९. इथे जुन्यावर पहिला खाट्कन आवाज यायचा. ७०. आला नाही. ७१ ला गायिकेनं मुखडा पुन्हा घेतला, आणि मला तो नवा होता. शेवटची तिहाई, टाळ्या, आणि टाळ्या विरतानाच ती पेटीवाल्यांकडे वळून हळूच काहीतरी म्हणते. दोघंही हसतात. तीनदा मागे नेऊन ऐकलं. ‘...पट्टी’ एवढंच लागलं कानाला.

संगणकावर हिची प्रत करायची राहिली आहे. संध्याकाळी करायची.